भिंतीवरचे झिरोसाहेब

आमच्या गावात दान दिलं की नाव दोनदा होतं. एकदा माईकवर, एकदा विहाराच्या भिंतीवर. एकावन्न रुपये दिले तर माईक, पाच हजारांच्या वर गेलात तर भिंत. त्यामुळं गुप्तदान हा प्रकार इथं कोणी केलेला नव्हता. मी केला, आणि तो किती दिवस गुप्त राहिला त्याची ही गोष्ट.

गाव तेलंगणातलं, तामसी मंडलातलं; मंडल म्हणजे इथला तालुका. माझे मिस्टर हर्षदीप रोज बसनं आदिलाबादला जातात, कचेरीत कारकून आहेत. सासरे बाबाराव निवृत्त मास्तर. गावातले तेलुगू लोक त्यांना पंतुलू म्हणतात, आणि ऐकून ऐकून आमचेही म्हणायला लागलेत. सासूबाई रुक्माबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते. मी प्रगती. बी.एड. झालंय, शिक्षक भरतीचा अभ्यास करते, म्हणजे मैत्री झोपली की करते. मैत्री अजून दीड वर्षाची व्हायची आहे आणि जमिनीवर सापडेल ते तोंडात घालते. लग्नाआधी मी अशी घाबरट नव्हते. आता कुठल्याही घरात पाऊल टाकलं की माणसांकडं नंतर बघते, आधी खाली बघते. बटण, शेंगदाणा, चार्जरची वायर.

तर, विहाराला लागून अभ्यासिका बांधून झाली. मोठा हॉल झाला, मागं एक खोली अर्धवट राहिली. तिचं काय करायचं यावर बैठक बसली, आणि मी, कोणी विचारलं नसताना, उभी राहून बोलले. म्हटलं, ती खोली लेकुरवाळ्या बायांना द्या. पाळण्याला कडी, आतून लागणारं दार, हॉलकडं खिडकी. लेकरू झोपलं की आई तिथंच पुस्तक उघडेल. लग्न झालं म्हणून अर्ध्यावर अभ्यास सोडलेल्या पाच-सहा मुली तर मलाच माहीत आहेत.

चंपतराव म्हणजे कमिटीतले सगळ्यात जुने. जयंतीचं साऊंड त्यांच्या ताब्यात असतं. ते म्हणाले, "बाई, अभ्यासिकेत पाळना बांधला तं अभ्यास कोन करंन, लेकरू का?"

सगळे हसले. बायाही हसल्या, पदराआडून.

"माह्ये डबे पावसात सडून राह्यले," ते पुढं म्हणाले. डबे म्हणजे साऊंडचे मोठे बॉक्स. "खोली डब्यांले द्या."

मामाजी, म्हणजे माझे सासरे, कोषाध्यक्ष. ते गप्प बसले. का गप्प बसले ते मला माहीत होतं. खूप वर्षांपूर्वी कमिटीतल्या एका घरानं विहाराला पंखा दिला होता, आणि मग बुद्धवंदनेला त्या पंख्याखाली त्याच घरची माणसं बसायची. उन्हाळ्यात भांडणं झाली. तेव्हा मामाजींनीच ठराव करून घेतला, की कमिटीवाल्याच्या घरानं दान द्यावं, पण अट घालू नये, आणि घातली तर दानच परत करावं. याला ते दस्तूर म्हणतात. आणि मामाजी एक वेळ जेवण सोडतील, दस्तूर सोडणार नाहीत.

आता माझ्या कामाचं सांगते. परदेशातल्या एका कंपनीसाठी मी मराठी आणि तेलुगू वाक्यं तपासते. पैसे क्रिप्टोत येतात, डॉलरच्या भावाला बांधलेल्या नाण्यांत. हे मला माझ्या दिरांनी, अमरदीप भाऊजींनी शिकवलं. ते हैदराबादला असतात. त्यांनीच वॉलेट, म्हणजे क्रिप्टोचं खातं, उघडून दिलं. क्रिप्टो पाठवायलाही बससारखं तिकीट लागतं आणि ते वेगळ्या नाण्यात काढावं लागतं, म्हणून सुरुवातीला चिमूटभर नाणं त्यांनी स्वतःच्या वॉलेटातून माझ्यात टाकलं. घरात एवढंच ठाऊक होतं, की सून कॉम्प्युटरवर काहीतरी करते. किती मिळतं ते फक्त हर्षदीपना माहीत.

त्या बैठकीनंतर मी त्यांना म्हटलं, "खोलीचे पैसे मी देते. पण नाव नको."

"यूपीआयनं टाकशील तं नाव दिसते," ते म्हणाले. "पेटीत रोख टाकशील तं अट कुठं लिहिशील?"

"क्रिप्टोनं देते. त्यात नाव नसतं."

"तू रात्रभर जागशील."

"तशीही जागतेच."

मग मी एक नवा ईमेल काढला आणि कमिटीचा सचिव विनय याला लिहिलं. विनयचं मोबाईल-झेरॉक्सचं दुकान आहे, आणि क्रिप्टोचं त्याला वेड आहे. पत्रात इतकंच, की आपला एक हितचिंतक मागच्या खोलीसाठी सव्वा लाखाच्या आसपास देऊ इच्छितो, खोली लेकुरवाळ्या बायांसाठी असावी, नाव कुठं नको. तीच कडी, तेच दार, तीच खिडकी. विनयनं आपल्या वॉलेटचा पत्ता कळवला, मी पाठवून दिले.

तो धावत आमच्याच घरी आला. मामाजींनी चष्मा लावला.

"पैसा कोनाचा हाय ते नको सांगू," ते म्हणाले, "पन कुठून आला ते सांग. विहाराले चोरीचा पैसा चालत नाई."

"पंतुलू, याच्यात नाव नसते, पन रस्ता असते." विनयनं फोन पुढं धरला. "हे पाहा. हा पैसा या खात्यातून आला. त्या खात्यात हप्त्याच्या हप्त्याले एका कंपनीकडून येते. हे जगात कोनालेही पाहता येते. पुसता येत नाई, बदलता येत नाई. पटवाऱ्याच्या दफ्तरात खाडाखोड होईन, याच्यात नाई होत."

मामाजी बराच वेळ बोट सरकवत राहिले. मी आत चहा गाळत होते आणि अर्धा चहा ओट्यावर सांडला.

"मेहनतीचा पैसा दिसते," शेवटी ते म्हणाले. "थोडा थोडा जमवेल हाय."

पुढच्या बैठकीत ती अट सगळ्यांना पटली. मी बोलले तेव्हा जी हसण्यावारी गेली, तीच. चंपतराव तर म्हणाले, "परदेशात असंच असते. लेकराची खोली येगळीच असते तिकडं." दाता परदेशात आहे हे त्यांना कोणी सांगितलं, कोण जाणे.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण मामाजींना भिंत मोकळी बघवेना.

"नाव नको म्हन्ते, ठीक हाय. पन उद्या कोनी हिशेब मांगला तं? भिंतीवर काईतरी पायजे."

विनय म्हणाला, "त्याचं नाव म्हंजे हेच, पंतुलू," आणि त्यानं वॉलेटचा पत्ता दाखवला. शून्य, एक्स, आणि पुढं आकडे-अक्षरांची लांबच लांब रांग. विनय थट्टेत बोलला होता. मामाजी थट्टेत ऐकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविकांत पेंटर शिडी लावून उभा होता. निळ्या ऑईलपेंटमध्ये त्यानं ती पूर्ण रांग भिंतीवर काढली, आणि आपल्याकडं सगळ्यांच्या नावाआधी लावतात तसं पुढं "आयु.", म्हणजे आयुष्मान, लावलं. मी मैत्रीला कडेवर घेऊन बघत होते.

"वयनी, मधात जागा सोडू का?" रविकांतनं मलाच विचारलं. "आडनाव कुठून सुरू होते ते समजून नाई राह्यलं."

"नका सोडू," मी म्हटलं. मला ती भिंत बघवेना.

कारण मी एक मूर्खपणा केला होता. ज्या वॉलेटात माझा पगार येतो, त्याच वॉलेटातून दान दिलं होतं. नाव नाही म्हणजे आपण लपलो, असं मी धरून चालले होते. पण त्या पत्त्यावर माझी सगळी आवकजावक उघडी होती, आणि आता तो पत्ता हाताएवढ्या अक्षरांत गावाच्या मधोमध होता. एकदा का कोणी त्या रांगेला माझं नाव जोडलं असतं, की खोली गेली. कोषाध्यक्षाच्या घरची अट. दस्तूर. मग चंपतरावांचे डबे.

गावानं दात्याचं नाव झिरोसाहेब ठेवलं. पत्ता शून्यापासून सुरू होतो म्हणून. विनयच्या दुकानावर रोज कोणी ना कोणी जायचं आणि म्हणायचं, लाव बरं झिरोसाहेबाचं. साहेबांना पगार झाला, साहेबांनी थोडे काढले, साहेब जपून खर्च करतात. दारू पिणारा माणूस नसावा, असंही ठरलं. आत्याबाई दळण आणायला गेल्या की साहेबांची खबर घेऊन यायच्या.

"या हप्त्याले झिरोसाहेबाची कमाई अर्धीच आली म्हन्ते," एक दिवस त्या पीठ चाळता चाळता म्हणाल्या. "बिमार पडला असंन बिचारा. तिकडं कोन पाहते त्याले."

त्या आठवड्यात मैत्रीला ताप होता. मी कामाला बसलेच नव्हते.

"असेल कोणीतरी पाहायला," मी म्हटलं.

"बायको असंन तं असंन. मी वंदनेच्या टायमाले त्याच्यासाठी दोन मेनबत्त्या लावल्या."

मी हर्षदीपना म्हटलं, मी वॉलेट बदलते, सगळे पैसे दुसरीकडं हलवते.

"जुन्यातून नव्यात पाठवशील ना? मंग थेही दिसंन," ते म्हणाले. "उलट लोक म्हन्तीन, साहेबानं घर बदललं. खोलीवर स्लॅब पडेपर्यंत दम धर."

कचेरीत राहून माणूस दम धरायला शिकतो. मला ते जमत नाही. मी रोज विनयच्या दुकानावरून जायचे आणि गर्दी कुठल्या पानावर आहे ते वाकून बघायचे.

गर्दी वरच्याच पानावर असायची. विनय मात्र एक दिवस खाली खाली गेला. पार शेवटी, जिथं वॉलेट उघडल्यावरची पहिली नोंद होती. तिथं कंपनी नव्हती. तिथं दुसऱ्याच कोणाच्या पत्त्यावरून चिमूटभर नाणं आलेलं होतं. आणि तो पत्ता विनयच्या फोनमध्ये नावासकट सेव्ह होता. कारण अमरदीप भाऊजींनी मागच्या उन्हाळ्यात त्यालाही असंच शिकवलं होतं, असंच तिकिटाचं नाणं टाकून.

संध्याकाळी तो आमच्या अंगणात आला. "पंतुलू, सापडला झिरोसाहेब. सुरुवातीचा पैसा आपल्या अमरदीपनं टाकला. म्हंजे खातं त्याचंच."

मामाजींचा चेहरा आधी उजळला. पोरगा एवढा मोठा झाला, असं त्यांना वाटलं असणार. मग तो हळूहळू उतरला.

"म्हंजे माह्याच घरचा पैसा," ते म्हणाले. "आन माह्याच घरची अट."

"जाऊ द्या ना," आत्याबाई म्हणाल्या. "कोनाले सांगायची गरज काय?"

"भिंतीवर लिहेल हाय, रुक्मा. विनयले सापडलं तं उद्या चंपतरावलेही सापडंन. पैसे अमरदीपले परत पाठवायचे. रविवारी बैठक."

मग त्यांनी भाऊजींना फोन लावला, स्पीकरवर. त्यांना फोन कानाला लावणं आवडत नाही.

"बाबा, मी काईच नाई देल्लं."

"खोटं नको बोलू. विनयनं रस्ता पाह्यला."

"रस्ता पाह्यला तं पुढचं घर..." भाऊजी बोलता बोलता थांबले. "वयनी हायेत का तिथं?"

"हाय."

"मंग मी नंतर लावतो."

फोन बंद झाला. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मैत्रीच्या तोंडातून काहीतरी काढायला वाकले. तोंडात काही नव्हतं.

रविवार येईपर्यंत मी मनात सगळे रस्ते चालून पाहिले. गप्प बसले तर विनय पैसे भाऊजींच्या वॉलेटात पाठवणार, खोली डब्यांना जाणार. बोलले तरी घर तेच, दस्तूर तोच.

"मंग बोलून फायदा काय?" हर्षदीप म्हणाले.

पण मी नुसतं दुकानच बघत नव्हते, बायांनाही बघत होते. गेल्या काही दिवसांत ती खोली त्यांच्या बोलण्यात शिरली होती. शेजारच्या राहीबाई पाळण्याची दोरी कुठून आणायची ते विचारत होत्या. कोणाची सून नर्सिंगचा फॉर्म भरायचं म्हणत होती. अट झिरोसाहेबांची होती खरी, पण आता ती किती जणींची झाली होती, हे कोणी मोजलं नव्हतं. मीही नाही. मोजायला गेले असते तर बैठकीआधीच बभ्रा झाला असता.

वंदना झाली आणि बैठक सुरू झाली. मामाजींनी माईक घेतला. सगळं सरळ सांगितलं, पोराचं नावही. चंपतरावांच्या खिशातून खोली मोजायचा टेप अर्धा बाहेर दिसत होता.

"तर दस्तुराप्रमानं ही रक्कम परत," मामाजी म्हणाले. "विनय, पाठव."

विनयनं फोन वर धरला. आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. यात पाठवलेलं परत येत नाही.

"मामाजी, थांबा," मी म्हटलं. "पत्ता चुकतोय. भाऊजींनी फक्त तिकिटापुरतं टाकलं होतं. पैसे माझे आहेत."

पाठीमागच्या रांगेत कोणाचं तरी लेकरू रडत होतं.

"तुह्ये?" चंपतराव म्हणाले. "म्हंजे झिरोसाहेब तू?"

"हो."

"कशावरून?"

मैत्री माईकच्या वायरकडं झेपावत होती. मी तिला आत्याबाईंकडं दिलं आणि फोन काढला. "विनयभाऊ, भिंतीवरच्या पत्त्यावरून तुम्हाला रुपया-दोन रुपयांइतकं पाठवते. आलं का सांगा."

पासवर्ड दोनदा चुकला. विनयचा फोन वाजला. त्यानं फोन बघितला, मग उठून बाहेर जाऊन भिंत बघितली, एकेक अक्षर जुळवत. सगळे त्याच्याच पाठीकडं बघत होते. परत आला तेव्हा तो हसत होता.

"बराबर हाय. साहेबानंच पाठवले."

हॉलमध्ये जो हशा झाला, तो पहिल्या बैठकीतल्या हशासारखा नव्हता. त्यात मलाही हसता आलं.

आत्याबाई हसल्या नाहीत. त्या हिशेब लावत होत्या. "म्हंजे त्या हप्त्यात तू बिमार होती?"

"मी नाही. मैत्री होती."

"मंग मेनबत्त्या बराबर लागल्या," त्या म्हणाल्या.

मामाजी माईक धरून तसेच उभे होते. बोलायचं कसं ते त्यांना कळत नव्हतं, हे मला दिसत होतं. मास्तर माणूस, पण सुनेला शाबासकी माईकवर कशी देणार, आणि दस्तूर कुठं ठेवणार.

"दस्तूर मोडू नका," मीच म्हटलं. "अट मी मागं घेते. पैसे बिनअटीचे ठेवून घ्या. खोलीचं काय करायचं ते बैठकीनं ठरवावं. आमच्या घरचं कोणी बोलणार नाही, हातही वर करणार नाही."

आणि मी खाली बसले. तो वेळ फार वाईट गेला. चंपतरावांनी टेप पूर्ण बाहेर काढला. बोलायला तोंडही उघडलं.

"थांबा, दादा," राहीबाई उठल्या. एरवी त्या बैठकीत बोलत नाहीत. "मी कोषाध्यक्षाच्या घरची नाई. कमिटीतल्या कोनाच्याच घरची नाई. मी म्हन्तो, खोली लेकुरवाळ्या बायांची."

"साहेबानं म्हनलं होतं तवा गोष्ट येगळी होती, राहीबाई."

"काऊन येगळी? साहेब होता तवा परदेशात असंच असते म्हने तुमी. आता परदेश शेजारच्या घरात निंगाला तं तुमाले गोड नाई लागत."

"डबे सडून राह्यले म्हंतो मी."

"डबे वर्सातून एकदा वाजतेत. लेकरं रोज वाजतेत."

"हात वर करा," मामाजी घाईनं म्हणाले. माईकवरचा त्यांचा आवाज जरा जास्तच मोठा आला.

आधी राहीबाईंचा हात. मग त्यांच्या सुनेचा. मग पाठीमागून एकेक. मी मान वळवली नाही, वळवायची हिंमत नव्हती. मी चंपतरावांचा चेहरा बघत होते आणि त्यावरून हात मोजत होते. एका जागी त्यांची नजर अडकली. तेव्हा मात्र मी वळले. त्यांची मुलगी भाग्यश्री, बाळंतपणाला माहेरी आलेली, एका हातानं पदराखालचं लेकरू सावरत दुसरा हात वर करून बसली होती. बापाकडं न बघता.

चंपतरावांनी टेप खिशात घातला. "मंग डब्यांले चांगली ताडपत्री घ्या," ते म्हणाले, आणि हात खांद्यापर्यंत वर केला. तेवढा मामाजींनी धरला. ठराव मंजूर.

बाहेर विनय म्हणाला, "वयनी, आता सारं गाव तुमचा पगार पाहीन." त्यावरची सोय मी दुपारीच केली. कोरं वॉलेट उघडलं, तिकिटाचं नाणंही एक्सचेंजवरून, म्हणजे क्रिप्टोच्या बाजारातून, घेतलं, भाऊजींकडून नाही, आणि कंपनीला तो पत्ता कळवला. जुन्यातून नव्यात एक पैसा पाठवला नाही. जुन्यात उरलेलं मैत्रीच्या नावानं राहू दे, कोणाला बघायचं त्यानं बघावं.

ऊन उतरल्यावर मामाजी खडू घेऊन मागच्या खोलीत गेले, आणि थोड्या वेळानं मला हाक आली. राहीबाईही मागोमाग आल्या.

"दार कोनीकडं पायजे?" मामाजींनी विचारलं.

"मी बोलू?"

"ठराव झाला. आता बांधकामाचं इचारून राह्यलो, अटीचं नाई."

मी खाली बघितलं. विटांचे तुकडे, एक खिळा. खिळा उचलून मुठीत धरला. मग चारही भिंती बघितल्या. "अंगणाकडं," मी म्हटलं. "लेकरू रडलं की हॉलमधून न्यावं लागू नये."

"अंगनाकडून धूळ येते, बाई," राहीबाई म्हणाल्या. "पूर्वेकडं काढा."

"पूर्वेला रस्ता आहे. लेकरू रांगत ट्रॅक्टरखाली जाईल."

"उंबरा उंच करू."

"उंच उंबऱ्याला मीच अडखळेन."

मामाजी खडू हातात धरून दोघींकडं आळीपाळीनं बघत उभे राहिले.